आठ जीबीची रॅम आणि कुमुदताईंचा शब्दकोश

एकदा एक सेवानिवृत्त शिक्षिका आपला जुना संगणक रिक्षातून, चक्क मांडीवर घेऊन, दुरुस्तीच्या दुकानात आल्या. शेजारच्या सीटवर ठेवायलासुद्धा त्यांचा जीव धजला नाही. हसू नका. कुमुदताई केळुसकर चौदा वर्षं आपल्या गावच्या बोलीतले शब्द गोळा करत होत्या, आणि ते सगळे त्या एका डब्यात होते. शब्द सांगणारी बहुतेक म्हातारी माणसं आता हयात नव्हती. गेल्या महिन्यापासून शब्दकोश उघडला की संगणक जागच्या जागी गोठत होता.

दुकान जनार्दनकाकांचं. पूर्वी ते टंकलेखनाची यंत्रं दुरुस्त करत, पुढे संगणक करू लागले. त्यांच्या हाताखाली पल्लवी शिकत होती. डिप्लोमा झालेली, हुशार आणि अंमळ घाईची.

"ताई, रॅम कमी पडतेय," पल्लवीने झाकण उघडताच निदान केलं. "एकच जीबी आहे हो! हल्ली फोनलासुद्धा याहून जास्त असते. बोर्ड आठपर्यंत घेतो, आठ टाकूया. मात्र जुन्या सिस्टीमला एवढी दिसत नाही. ती पुसून नवी टाकावी लागेल."

"टाक बाई. तुला कळतं त्यातलं," कुमुदताई म्हणाल्या. बिचाऱ्यांना 'पुसून' या शब्दाचा अर्थ काय ठाऊक!

पल्लवीने नव्या रॅमची दोन पाकिटं टेबलावर ठेवली, नव्या सिस्टीमची सीडी आत सरकवली. तेवढ्यात काका चहा घेऊन आले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, कप खाली ठेवला, सीडी काढून घेतली आणि पाकिटं पुन्हा कपाटात ठेवून दिली. मग स्टूल पुढे ओढून म्हणाले, "ताई, बसा. घरी करता तसंच काम करा. मी नुसता बघतो."

आणि खरंच तासभर ते नुसते बघत बसले. कुमुदताई एकेका अक्षराची फाइल उघडत होत्या. मध्येच काकांनी विचारलं, "आटवल म्हणजे हो काय?"

"आजारी माणसासाठी शिजवलेला मऊ भात. हा शब्द मला द्वारकाकाकूंनी सांगितला. सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या. पुढच्याच महिन्यात गेल्या."

पल्लवीचा धीर सुटला. "काका, आपण रॅम निवडतोय की शब्दकोश वाचतोय?"

काकांनी आधी सगळ्या फाइली दोन पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. मग जुन्या सामानाच्या खणातून रॅमची एक जीबीची एक पट्टी शोधून काढली. तिची खाच, तिचा वेग, सगळं आतल्या पट्टीसारखंच. तिची सोनेरी कड त्यांनी खोडरबराने घासली, फुंकर मारली आणि रिकाम्या जागेत बसवली.

"आता उघडा सगळं."

कुमुदताईंनी 'अ'पासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकामागून एक फाइली उघडल्या. संगणक थोडा रेंगाळला, पण थांबला नाही. पडद्यावर सगळे शब्द आले. बाईंनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "माझी माणसं आहेत हो यात."

त्या गेल्यावर पल्लवी जरा रागानेच म्हणाली, "आठची जागा असताना एकच का टाकलीत?"

काका शांतपणे म्हणाले, "ताईंचा फॉन्ट जुन्या काळातला आहे. त्याचं सॉफ्टवेअर फक्त त्या जुन्याच सिस्टीमवर चालतं, आणि ते विकणारा माणूस केव्हाच धंदा सोडून गेला. तू सिस्टीम पुसली असतीस, तर संगणक वाऱ्यासारखा पळाला असता, पण तो शब्दकोश कोणालाच उघडता आला नसता. मी तासभर पाहिलं. सगळ्या फाइली एकदम उघडल्या, तरच जागा अपुरी पडत होती, तीही थोडीशीच. तेवढी दिली. बाळ, बोर्डात किती मावतं हे तू पाहिलंस. त्या बाईंचं काय गमावता कामा नये, हे विचारायचं राहिलं."

पल्लवीचा चेहरा उतरला. "मी तर कॉपीसुद्धा घेतली नव्हती."

"मीही एकदा घेतली नव्हती," काका म्हणाले. "एकाचा संगणक नवा कोरा करून दिला. त्यात त्याच्या वडिलांची पत्रं होती. तो भांडला नाही गं. 'छान चालतोय' म्हणाला आणि निघून गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. वीस वर्षं झाली, अजून लागतं मनाला."

गार झालेला चहा पल्लवीने परत गरम करून आणला.

आठवड्याने एक गृहस्थ जुना संगणक घेऊन आले. "फार हळू चालतो. सगळं काढून नवं टाका," म्हणाले. पल्लवीचा हात सवयीने स्क्रूड्रायव्हरकडे गेला आणि तिथेच थांबला. तिने स्टूल पुढे ओढलं.

"बसा आधी. यावर रोज काय करता, ते दाखवा. आणि यातलं काय जाता कामा नये, तेही सांगा."

आतल्या खोलीत जनार्दनकाकांनी ते ऐकलं आणि ते निवांतपणे चहा प्यायला लागले.