ढोलीतली फिर्याद

फार पूर्वी जंगलाचा न्याय घुबड करायचे. तेव्हा एका धनेश पक्ष्याची मादी रीतीप्रमाणे ढोलीचे तोंड चोचीपुरती फट ठेवून मातीने लिंपून आत अंडी उबवत बसली होती. बाहेरून तिला रोज भरवणाऱ्या नराचा पंख मोडला. त्याने वानराशी करार केला, "फटीतून तिला रोज उंबरे दे, माझी फांदी तुझी."

वानराने फांदी घेतली आणि उंबरे देणे बंद केले. नर घुबडाकडे गेला.

"उपाशी कोण आहे?" घुबडाने विचारले.

"माझी बायको, महाराज."

"मग ती का आली नाही?"

"ढोली फोडली तर अंडी गारठतील."

"फिर्यादी गैरहजर. दावा फेटाळला."

"तिलाच घाई नाही, तर तुला कशाला रे?" वानर हसले.

दुसऱ्या दिवशी भुकेने व्याकूळ मादी ढोली फोडून हजर झाली.

"आता सांग, काय हवं?" घुबड म्हणाले.

"काही नाही, महाराज. अंडी गार झाली."