न ओतलेला तांब्या

एका गावात एक माळीणबाई राहत होती. तिच्या हाताला गुण होता, पण तो हात द्यायला लागला की थांबायचा नाही. पाहुणा 'पुरे, पुरे' म्हणत ताटावर आडवा हात धरी आणि ही त्या हातावरच तूप वाढी. तिच्या बागेतला गुलाब, मोगरा, शेवंती सगळी पाणी पिऊन पिऊन तरारलेली असायची.

चैत्री पुनवेला गावच्या देवीची यात्रा भरे. देवीला पहिला हार माळीणबाईच्या बागेतला चढायचा, एकशे एक फुलांचा. रीत अशी, की फूल घरच्याच बागेतलं हवं, विकतचं चालायचं नाही. एक वर्ष जरी हार चुकला, तरी मान कायमचा दुसऱ्या घरी जायचा. माळीणबाईच्या सासूने, आजेसासूने तो कधी चुकवला नव्हता. त्या मानावर तिचा फार जीव होता.

माळीणबाईचा मुलगा फुलांच्या टोपल्या घेऊन बाजाराच्या गावी जायचा. त्या वैशाखात त्याचं लग्न झालं. सून आली ती दूरच्या माळरानावरची. तिकडे पाणी दोन कोसांवरून डोक्यावर आणावं लागे. सुनेने येताना पदराच्या गाठीत गलांड्याचं बी आणलं होतं. गलांडा म्हणजे गोल चेहऱ्याचं, लाल-पिवळ्या पाकळ्यांचं फूल. माहेरी तिच्या दारात ते रणरणत्या उन्हातही फुललेलं असायचं.

"आत्याबाई, हे लावू का?" तिने भीत भीत विचारलं.

"विचारतेस काय? आण इकडे, मीच लावते. माझ्या घरी आलेल्याला मी काही कमी पडू देत नाही."

माळीणबाईने नव्या कोऱ्या कुंड्या आणल्या, त्यांत काळीभोर खतावलेली माती भरली आणि गाठीतलं निम्मं बी पेरलं. कुंड्या ठेवल्या आंब्याच्या गार सावलीत. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी!

"आत्याबाई, याला ऊन लागतं. आणि पाणी बेतानंच..." सून म्हणाली.

"अगं, ऊन कुणाला लागतं का? ऊन बाधतं! तूही बाहेर फिरू नकोस. काळवंडशील." असं म्हणून सासूने सुनेच्या भातावर तुपाची वाटी उपडी केली.

सून बिचारी तूप-भात कालवू लागली. इतकी माया करणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

दोन महिन्यांत रोपं हातभर लांब झाली, पण लुळी. पानंच पानं, कळी एक नाही. मग मुळं कुजली आणि एकेक रोप आडवं पडलं. इकडे सूनही फिकी पडली. तिला अन्न गोड लागेना. शेजारीण म्हणाली, "बाई गं, अति तिथं माती." पण माळीणबाईला वाटलं, नजर लागली. तिने एकाच मीठ-मोहऱ्यांनी सुनेची आणि कुंड्यांची दृष्ट काढली आणि दुसऱ्या दिवसापासून दोघांचंही खाणंपिणं वाढवलं.

त्या साली पावसाने धड तोंड दाखवलं नाही. मार्गशीर्षातच विहिरीचा तळ दिसू लागला. जी बाग पाण्यावर लाडावली होती, तिला तहान सोसायची सवय कुठली? आधी शेवंती गेली, मग गुलाब. माळीणबाई मोगऱ्याच्या वाळक्या वेलीपाशी बसून ढसाढसा रडली. "आता देवीपुढं कोणत्या तोंडानं उभी राहू? माझ्या हातून मान चालला!"

सून तिच्याजवळ येऊन बसली. "आत्याबाई, गाठीत अजून निम्मं बी आहे. परसातली दगडामातीची जागा मला द्या. पण एक कबूल करा. तिथं तुम्ही पाणी घेऊन यायचं नाही."

माळीणबाईला ते जिव्हारी लागलं. जन्मभर झाडं वाढवली, आणि कालची पोर मला सांगते? पण दुसरा रस्ता कुठे होता? तिने मान डोलावली.

सूनबाईने पदर खोचला. मातीत वाळू आणि बारीक खडी मिसळली. फुटक्या कुंड्या, गळकी घमेली, जे मिळेल ते भरलं आणि सगळं भर उन्हात मांडलं. रोपं मुळं धरीपर्यंत ती भाजी धुतलेलं पाणी रोज थोडं थोडं शिंपडी. पुढे आठवड्यातून एकदाच. दिवसभर उन्हात राबून ती घरात येई ती घामेजलेली आणि भुकेजलेली. सासू हे बघत होती, पण तिचं सगळं लक्ष त्या रोपांत अडकलं होतं.

फाल्गुनात कळ्या दिसल्या. आणि एके दुपारी, सून लांबच्या विहिरीवर पाण्याला गेलेली असताना, माळीणबाईने परसात डोकावलं. बघते तर काय, सगळ्या रोपांनी माना टाकलेल्या! पानं चिरगुटासारखी लोंबत होती. यात्रेला पंधरा दिवस राहिले होते.

घरात तिच्या वाटणीचं प्यायचं तांब्याभर पाणी होतं. ते उचलून ती धावत आली. तांब्या कलता केला. धार पडणार, इतक्यात तिला आंब्याखालच्या कुंड्या आठवल्या. तिथेही तिने असंच पाणी घातलं होतं, याच मायेने, आणि रोपं तिच्या डोळ्यांदेखत कुजली होती.

'घालू की नको? नाही घातलं आणि मेली तर? कबूल केलंय मी.' जन्मात पहिल्यांदा तिने आपला हात आवरला. तांब्या मांडीवर धरून ती तिथेच, उन्हात, रोपांसमोर बसून राहिली. घसा कोरडा पडला. तेव्हा ते पाणी ती स्वतः प्याली, आणि पिताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं.

ऊन कललं. सावल्या लांबल्या. वाऱ्याची झुळूक आली आणि एका रोपाने मान उचलली. मग दुसऱ्याने. दिवस मावळायच्या आत सगळी रोपं ताठ उभी होती.

सून घागर घेऊन आली, तर सासू रोपांपुढे बसून रडत आणि हसत होती.

"ती दुपारी अशीच माना टाकतात, आत्याबाई," सून म्हणाली. "ऊन सोसायची त्यांची तीच रीत आहे."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते," सून हळूच म्हणाली, "पण तुम्ही वाढतच होता."

चैत्री पुनवेला देवीला एकशे एक गलांड्यांचा हार चढला. कुणीतरी पुटपुटलं, "हे कसलं माळावरचं राठ फूल?" तेव्हा म्हातारा गुरव म्हणाला, "घरच्या बागेतलं आहे ना? मग झालं. गावातली सगळी फुलं वाळली, आणि हे देवीसाठी उभं राहिलं." मान घरातच राहिला. पुढल्या साली माळीणबाईने गावातल्या प्रत्येक दारात गलांड्याचं बी दिलं, आणि देताना बजावलं, "पाणी बेतानं हं!"

पण खरी गोष्ट घडली ती यात्रेच्या दिवशी जेवताना. माळीणबाईने सवयीने तुपाची वाटी उचलली. सुनेच्या ताटापर्यंत नेली. मग ती थांबली. वाटी खाली ठेवून तिने विचारलं,

"तुला काय वाढू गं?"

सुनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "भाकरी आणि ठेचा, आत्याबाई," ती म्हणाली. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

तात्पर्य: माया नुसती मोठी असून भागत नाही, ज्याच्यावर करायची, त्याला काय मानवतं ते आधी विचारावं लागतं.