खुंटाला पुन्हा पाणी

पूर्वी रोहक नगरात सुनेत्र राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या मोठ्या सरोवराच्या काठी एका शेतकऱ्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव पिंगिय.

लागोपाठ काही वर्षे पाऊस कमी झाला. सरोवरात येणारी नदी बारीक झाली आणि पाणी काठापासून दूर सरकत गेले. उघड्या पडलेल्या गाळात शेतकऱ्यांनी तीळ पेरला. पीक इतके चांगले आले, की सरोवर आता परत येणार नाही असे सगळे धरून चालले. कोळ्यांनी होड्या बांधायला रोवलेले खुंट शेतांच्या मधोमध आले. त्यांनाच फाटकी वस्त्रे गुंडाळून शेतकऱ्यांनी बुजगावणी केली. मग नदी शेतात शिरू नये म्हणून तिच्या मुखाशी बांध घातला. ज्याच्या शेतापुढे बांधाचा जेवढा भाग येई, तेवढा त्याने राखायचा, अशी रीत ठरली.

अडलेली नदी खारवट माळावर पसरून वाळून जाई. सरोवराचा एक हिरवट डोह तेवढा उरला. करकोचे निघून गेले.

एके दिवशी डोंगरात पाऊस झाला आणि बांधाला पाणी लागले. म्हातारा कोळी कुंडक तिथे आला.

"पिंगिया, हे पाणी आज डोहात गेलं नाही तर मासे उताणे पडतील. बीजच संपलं, तर पुढे सरोवर भरून काय करायचं?"

शेजारचा शेतकरी सोणक म्हणाला, "कुंडकबाबा, कापणीपर्यंत दम धरा."

"मी धरतो रे. माशांना तू समजाव."

सोणकाला हसू आले, पण त्याने हातातले फावडे सोडले नाही.

पिंगिय डोहाकडे गेला. चिखलात एक मासा कुशीवर पडून कल्ले हलवत होता. त्याने तो ओंजळीत घेऊन पाण्यात सोडला. पाणी हाताला गरम लागले.

त्याचे शेत नदीच्या जुन्या वाटेवरच होते. परत येऊन तो आपल्या बांधावर कुदळ घालू लागला.

"अरे, वर्षभर खाशील काय?" सोणकाने विचारले.

"ते अजून सुचलेलं नाही," पिंगिय म्हणाला.

उभ्या तिळातून त्याने डोहापर्यंत चर खणायला घेतला. शेजाऱ्यांची पिके वाचावीत म्हणून माती दोन्ही कडांना रचली. सोणक काही वेळ पाहत राहिला. मग खाली उतरून दुसऱ्या कडेची माती चोपू लागला. संध्याकाळी पाणी डोहात पोचले. पिंगियाचा तीळ मात्र वाहून गेला.

पुढे पाऊस नीट पडू लागला आणि काठावरची जुनी शेते पुन्हा पिकू लागली. कापण्या झाल्यावर इतरांनीही बांध मोडला आणि सरोवर परतले, पण पहिल्या आकाराने नाही. पिंगियाच्या शेताच्या एका टोकाला नदीने आणलेल्या गाळाचे बेट झाले. त्यावर लव्हाळे माजले, त्यांच्या मुळांशी मासे अंडी घालू लागले. करकोचे आले.

शेतातल्या खुंटाला पुन्हा पाणी लागले, तेव्हा कुंडकाने त्यावरचे फाटके वस्त्र सोडले आणि होडी बांधली. काठावर पिंगिय उभा होता.

"वल्हं मारता येतं का?"

"नाही, बाबा."

"मग नुसता बस. आजपासून जाळ्यात तुझा वाटा. पण आधी तुझं शेत वरून दाखवतो."

एवढे सांगून तथागत म्हणाले, "भिक्षूंनो, त्या जन्मीचा कुंडक म्हणजे हा सारिपुत्त. सोणक म्हणजे आनंद. पिंगिय मी होतो. ज्याला मागताही येत नाही, त्याच्यासाठी आपले सोडणे, ही दानपारमिता."