तापट भाता

अवजारं एकमेकांशी कडाकडा भांडायची तेव्हाची गोष्ट. एका लोहाराच्या भट्टीवर एक तापट भाता होता. हातोडा त्याला रोज डिवचायचा, "नुसती हवा सोडतोस, काम तर मीच करतो!" मग भाता पिसाळून फुंकत सुटायचा. एकदा त्याने आग एवढी भडकवली की विळ्याचं पातं जळून वाया गेलं.

ऐरण कडाडली, "मेल्या, सारा जन्म श्वास घेतोस, एकदा तरी तो घेताना पाहिलास का? उद्यापासून भट्टी पेटायच्या आधी शंभर श्वास नीट पाहायचे. मन भरकटलं की पुन्हा पहिल्यापासून!"

भाता धुसफुसला, पण चूक त्याचीच होती. महिनाभर तो विसाच्या पुढे गेला नाही. मनातल्या मनात हातोड्याशी भांडण चालूच असायचं.

"पुन्हा!" ऐरण ओरडायची.

पुढे हळूहळू शंभर श्वास जमू लागले. मग एकदा हातोड्याने तोच टोमणा मारला. भात्याच्या पोटात राग उसळला. भात्याने तो श्वासासारखा येताना पाहिला, जाताना पाहिला आणि एका लयीत फुंकत राहिला. पातं हवं तेवढंच तापलं.

"अरे, चिडत का नाहीस?" हातोडा संतापून किंचाळला.

"चिडलो होतो की," भाता म्हणाला, "तीन श्वासांपूर्वी."