अळणी पेजेची सभा

पूर्वी शूर्पारक बंदरात अरिंदम नावाचा राजा राज्य करीत होता, त्या वेळी बोधिसत्त्व तिथल्या एका तारववाल्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव नंदिल. बापामागे माल वाहणारी ती तारवे, म्हणजे गलबते, त्याच्याकडे आली, आणि राजाने त्याला आपल्या सभेतही बसवले.

त्या नगराची एक रीत होती, बरं का. नव्या कायद्यासाठी सभा बोलावल्याची दवंडी पिटली, की निवाडा होईपर्यंत कुणाही सभासदाने दुसऱ्याच्या घरचे मीठ खायचे नाही. मीठ पोटात गेले की माणूस त्या घराचा होतो, मग त्याचे तोंड खरे बोलायला उघडणार कसे, असे जुन्या माणसांना वाटायचे. सभेच्या दिवशी तर राजासकट सगळ्यांना अळणी पेज वाढत. ही पेज पुढे बंद पडली. कुणाला आवडणार ती? मिठाची रीत मात्र राहिली.

एके वर्षी नगरात एकच धांदल उडाली. व्यापाऱ्यांच्या श्रेणीचा, म्हणजे संघाचा, मुख्य कालक याने समुद्रापलीकडचे मीठ आणायचे घाटले होते. पांढरेशुभ्र, दाणेदार, आणि भाव खाडीवरच्या मिठाच्या निम्मा. पेठेत ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. कालकाचे मागणे काय, तर या मिठावर राजाने कधीही जकात बसवू नये, खाडीवरची मिठागरे मोडून वखारींना जागा द्यावी, आणि पुढे भांडण झालेच तर त्याचा निवाडा राजाने न करता व्यापाऱ्यांच्या श्रेणीने करावा. व्यापार मोकळा हवा, असे तो दारोदार सांगत सुटला.

नंदिलच्या घरीही तो आला. मीठ आणायचे काम तुझ्याच तारवांना, म्हणाला. नंदिलची निम्मी तारवे वाळूवर कोरडी पडली होती. ऐकून त्याच्या छातीत आनंदाने धडधडू लागले. आणि का धडधडू नये? समुद्रावर वाढलेला माणूस तो. देशोदेशीचा माल यावा, आपला जावा, यात त्याला काही वावगे दिसत नव्हते. तो तसाच उठला आणि खाडीवर सामाला सांगायला गेला. सामा ही मिठागरातली म्हातारी. लहानपणी ती त्याला मिठाच्या तागडीत बसवून झुलवायची.

सामा फळीने मीठ ओढत होती. तिने सगळे ऐकून घेतले, फळी खाली ठेवली.

"स्वस्त मिळालं तर आम्हीसुद्धा घेऊ की रे," ती म्हणाली. "पण बाळा, बांध दर साल लिंपावा लागतो. एक साल हात फिरला नाही, की खाडी आत शिरते नि सगळा चिखल करून जाते. मग तुझ्या त्या कालकानं भाव चढवला, तर मीठ कुठं पिकवायचं? आणि गाऱ्हाणं कुणाकडं न्यायचं? त्याच्याकडंच?"

नंदिलच्या पायाखालची वाळू सरकली. इतका वेळ त्याला आपली तारवेच तेवढी दिसत होती.

इकडे दवंडी झाली आणि कालकाच्या माडीवर पंगती झडू लागल्या. खीर, मांडे, मोदक, केशर घातलेले दूध. सेनापती आला, अमात्य आला, झाडून सगळी सभा आली. मिठाचा म्हणाल तर एक कण नाही. गोडात मीठ कुठे असते, मग रीत मोडली कुठे, असे पुरोहितच बोटे चाटत सांगू लागला. नंदिलला बोलावणे आले तेव्हा त्याने सभेनंतर येईन म्हणून हात जोडले.

कालक हसला. "नंदिलशेट, तारवे वाळूवर आणि नाक आभाळात."

सगळी पंगत खिदळली.

सभेचा दिवस उजाडला, त्या सकाळीही कालकाच्या माडीवर पंगत उठली. कालकाच्या बाजूने जो उठला तो गोडच बोलला. राजाची मान हलू लागली. मिठागरे आता जातात की राहतात, एवढाच प्रश्न उरला. तेवढ्यात नंदिल उठला आणि म्हणाला, महाराज, निवाड्याआधी जुन्या रीतीची पेज एकदा होऊ द्या. राजा सकाळपासून उपाशी होता. त्याने हसत होकार दिला. सामा आणि खाडीवरच्या बाया हंडे घेऊन दाराशीच उभ्या होत्या. वाफाळती पेज वाडग्या-वाडग्यांतून वाढली गेली.

राजाने वाडगा तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. नंदिलने आपला बोटाने निपटून घेतला. आणि बाकीचे? सेनापती नुसता वाडगा फिरवत बसला. अमात्याने दोन घोट घेतले, तिसरा काही आत जाईना. पुरोहिताला ढेकर आला, आणि सगळ्या सभेत केशराचा वास सुटला.

राजा एकेकाच्या वाडग्याकडे बघत राहिला.

"महाराज," नंदिल म्हणाला, "आज सभेला भूक नाही."

"कुठे जेवलात?" राजाने विचारले.

"गोडच होतं, महाराज," पुरोहित पुटपुटला. "मीठ नव्हतं त्यात."

कालक ताडकन उठला. हा नंदिल कुठला मोठा निर्मळ, याच्याच तारवांतून हे मीठ यायचे होते, असे तो ओरडून सांगू लागला. सभा नंदिलकडे वळली. आता हा काय बोलणार?

"खरं आहे," नंदिल म्हणाला. "म्हणून माझंही मत धरू नका. तारवं येऊ द्यात, महाराज, समुद्र कुणी अडवू नये. पण कायदा तारववाल्यानं करू नये. मीसुद्धा."

एवढे बोलून तो आपले आसन सोडून खाली उतरला आणि हंड्यांपाशी बायांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

राजाने ती सभा तिथल्या तिथे मोडली. नवी सभा खाडीच्या बांधावर भरली, मीठ पिकवणारे, विकणारे आणि खाणारे सगळे बसले. ठरले ते असे, की परदेशचे मीठ खुशाल यावे, जकात किती ते राजाने दर साल ठरवावे, निवाडा राजाच्या दारी व्हावा, आणि बांधाला कुणी हात लावू नये. कालकाने नंदिलला पुन्हा कधी काम दिले नाही. त्याची निम्मी तारवे वाळूवरच राहिली. पण त्या दिवसापासून शूर्पारकात पेजेवाचून सभा भरली नाही.

जेतवनात भिक्षूंना ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा कालक म्हणजे आताचा देवदत्त. गोड खाऊन रीत पाळणारा पुरोहित तो त्याचा साथी कोकालिक. राजा अरिंदम म्हणजे आनंद, आणि सामा होती महाप्रजापती गौतमी. आसन सोडणारा तो नंदिल मीच होतो. दुसऱ्याचा लोभ ओळखून आपलाही ओळखणे आणि तो सोडणे, याचे नाव त्याग."