पुसलेल्या खुणा

“म्हणजे तुळजानं दही लावायचंच नाही म्हणतोस?” आक्कांनी विचारलं.

“तिच्या हाताला गुणच नाही, आक्का. तिचा वार आला, की दही पातळ.”

आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात दही लावायला प्रत्येक मुलाचा एक वार ठरलेला असे. तुळजाचा मंगळवार. ती चुलीपाशी मान खाली घालून उभी होती. त्यावरून हल्ली पंगतीत तिच्या शेजारी कुणी बसत नव्हतं. आता वारही गेला, की ते कायमचंच झालं, एवढं तिला कळत होतं.

“ऐकीव सांगत नाही मी,” विश्वंभर म्हणाला. मुलांना विज्ञान तोच शिकवायचा. शाळा चालवणाऱ्या आक्कांचा सगळ्यांत हुशार जुना शिष्य. आणि हे त्यालाही चांगलं ठाऊक होतं. “डोळ्यांनी पाहिलंय. मग अनुमान काढलंय.”

“मंगळवारी बाजार असतो ना रे?”

“असतो. त्याचं काय?”

“स्वयंपाकीणबाई बाजाराला जातात. चूल विझते. दूध गार होतं.”

विश्वंभर हसला.

“ठीक आहे, रीतसर तपासू. दूध एकच, विरजण एकच, मडकी एकाच कुंभाराची. एक तुळजा लावेल, एक भैरू. दोन्ही एकाच फडताळात.”

“छान,” आक्का म्हणाल्या.

संध्याकाळी तुळजानं कोमट दुधात विरजण घातलं. तिच्या मडक्यावर विश्वंभरनं गेरूचा टिपका दिला, भैरूच्या मडक्यावर रेघ.

सकाळी सगळी मुलं जमली. आक्का फडताळाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ओल्या पदरानं त्यांनी टिपका पुसला, रेघ पुसली. मग वळून दोन्ही मडकी विश्वंभरपुढे ठेवली.

“सांग.”

त्यानं डावीकडचं चाखलं. उजवीकडचं चाखलं. पुन्हा डावीकडचं...

“हे घट्ट आहे.”

“आणि ते?”

“तेही... म्हणजे... आधी खूण नको का, आक्का? कोणतं कुणाचं ते सांगा ना!”

“गुरुजी, दही चाखताय की खूण?” भैरू मागून बोलला. मुलं फिसकन हसली.

तुळजानं मान वर केली.

“माझं पातळ असतं ना, गुरुजी? मग ओळखा की.”

विश्वंभरनं चमचा रोवून पाहिला. दोन्ही मडक्यांत चमचा ताठ उभा राहत होता.

“वार तिचाच राहू दे,” अखेर तो म्हणाला.

आक्कांनी डाव तुळजाच्या हातात दिला. पहिली वाटी भैरूनं पुढे केली. मग दुसरी आली, तिसरी आली...

विश्वंभर मात्र जागचा हलला नाही.

“पण आक्का, माझं चुकलं कुठे? मी तर सगळं सारखं ठेवलं होतं.”

“सगळं सारखं ठेवलंस, विश्वंभरा,” आक्का म्हणाल्या. “एक तू तेवढा राहिला होतास.”