मैनेच्या परकराचा तुकडा

त्या वर्षी अमृतगिरी महाराजांचा मुक्काम गिरणाकाठी सावळखेड्याला, देवीच्या देवळालगतच्या ओवरीत होता. चैत्रातल्या उत्सवासाठी गावातल्या बायका रोज दुपारी सभामंडपात जमत आणि देवीच्या पालखीची झूल भरत. लाल मखमल, तिच्यावर जरीचे मोर आणि वेली. या मंडळाच्या मुख्य होत्या बयोबाई इनामदार. कुणी कुठला मोर भरायचा हे त्या सांगत. मंडपात कुणी बसायचे हेही त्याच ठरवीत.

सगुणेला तिथे जागा नव्हती. ती विधवा, लोकांच्या गोधड्या शिवून पोट भरणारी. मंडपातल्या बहुतेक बायकांची लेकरे तिने शिवलेल्या दुपट्यांत वाढलेली. आदल्या उन्हाळ्यात तिची मैना देवीच्या साथीत गेली. ही पोर खांबाला टेकून तासन्‌तास भरतकाम बघायची आणि म्हणायची, "आई, माझा परकर लाव ना गं देवीच्या झुलीला."

म्हणून एका दुपारी सगुणा त्या हिरव्या परकराचा तुकडा घेऊन मंडपात आली. "बाईसाहेब, आतून लावते, अस्तराला. कुणाला दिसायचा नाही. पोरीची हौस होती."

बयोबाईंनी तुकडा सुईच्या टोकाने उचलला. "मेल्या पोरीची चिंधी देवीच्या पालखीला? गोधड्या शीव जा तू आपल्या!"

दोघीतिघी हसल्या. बाकीच्या खाली मान घालून टाके घालत राहिल्या. ते हसणे सगुणेने सोसले. खाली गेलेल्या त्या माना मात्र तिला सोसल्या नाहीत.

तिने तो तुकडा एका गोधडीच्या मधोमध शिवला आणि गोधडी महाराजांच्या पुढ्यात आणून टाकली. "महाराज, देवीनं माझी पोर नेली, पण तिची चिंधी तिला चालत नाही. तुम्हाला चालते का बघा."

चैत्राचे ऊन नुसते भाजून काढत होते. पण महाराजांनी ती गोधडी अंगाभोवती लपेटून घेतली. "किती माया आहे गं हिच्यात!" म्हणाले, आणि उत्सवापर्यंत ती त्यांनी अंगावरून उतरवली नाही.

उत्सवाच्या सकाळी मात्र त्यांनी तिची घडी सगुणेच्या हाती दिली. "आज तुझ्याजवळ असू दे, माय."

आरती सुरू झाली. बयोबाई कापराचे तबक ओवाळत होत्या. वाऱ्याचा झोत आला, झुलीच्या झालरीने पेट घेतला, आणि ती विझवायला झेपावलेल्या बयोबाईंचा पदरही भडकला. लोक मागे हटले. बयोबाईंच्या शब्दाला माना डोलावणाऱ्या बायका खांबांआड झाल्या.

आता सर्वांत जवळ सगुणाच उरली होती. भक्तहो, खरे आहे ते सांगायलाच हवे: ती हलली नाही. तिने गोधडी छातीशी आवळून धरली. मैनेचे जगात तेवढेच उरले होते.

"सगुणे!" ओवरीतून महाराजांची हाक आली. त्या हाकेत आज्ञा नव्हती, विनवणी होती.

सगुणा धावली. बयोबाईंना गोधडीत गुंडाळून तिने त्यांच्यासकट जमिनीवर अंग टाकले. ज्वाळा विझल्या. गोधडी उलगडली, तेव्हा बयोबाईंचे लुगडे जळाले होते, पण अंगावर साधा फोडही नव्हता! गोधडीही जशीच्या तशी होती. फक्त मधोमधचा हिरवा तुकडा जळून राख झाला होता.

आणि ओवरीत, आगीपासून इतक्या दूर बसलेल्या महाराजांचे दोन्ही खांदे भाजून सोलून निघाले होते.

सगुणा ती राख मुठीत धरून ओवरीत आली. "महाराज, हिला वाचवायला माझी पोर दुसऱ्यांदा गेली हो!"

महाराजांचे डोळे भरून आले.

बयोबाई मागोमाग आल्या आणि महाराजांच्या पायांवर कोसळल्या. "माझं भोगणं तुम्ही घेतलंत, महाराज!"

"माझ्या वाट्याला थोडंच आलं," महाराज म्हणाले. "बाकीचं त्या लेकरानं घेतलं. पाया पडायचं तर तिच्या आईच्या पड."

साऱ्या गावादेखत बयोबाई वळल्या आणि त्यांनी सगुणेच्या पायांवर डोके ठेवले. त्या हुंदके देत राहिल्या. सगुणेने पाय मागे घेतले नाहीत, पण 'उठा' असेही तिच्या तोंडून निघाले नाही. महाराजांनीही तिला तसे म्हणायला सांगितले नाही.